सुईच्या माथी मारलेलं

२०२१ च्या उन्हाळ्यापासून आमच्या गावात एक वाक्य पक्कं झालं: बीपीवाल्यानं सुई घेतली की किडनी जाते. हे वाक्य माझ्या तोंडून निघालं नाही. पण ते चुकीचं आहे हे ज्याला सगळ्यांत आधी कळलं तो मी होतो, आणि पुढे कितीतरी काळ मी ते खोडून काढलं नाही. का काढलं नाही, तेच इथं लिहायचं आहे.

माझं मेडिकल संग्रामपूर तालुक्यातल्या एका गावात आहे. उत्तरेला सातपुड्याची रांग आणि अंबाबरव्याचं जंगल, दक्षिणेला पूर्णेकडे उतरत गेलेली काळी जमीन. हा खारपाणपट्टा. अमरावती, अकोला आणि बुलडाणा या तीन जिल्ह्यांत पूर्णेच्या खोऱ्यात तो पसरलाय. इथं विहीर खणा नाहीतर बोअर मारा, पाणी खारटच लागतं. पिण्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरमागे ५०० मिलिग्रॅमच्या आत असावेत, दुसरं पाणीच नसेल तर २००० पर्यंत चालवून घ्यावं, असं मानक सांगतं. वान धरणाचं पाणी १४० गावांच्या योजनेतून येऊ लागलं त्याआधी आमच्या कित्येक पिढ्या याहून खारं पाणी पिऊन जगल्या. संग्रामपूर, जळगाव जामोद आणि शेगाव या तालुक्यांतून किडनीच्या आजारानं माणसं गेल्याच्या बातम्या वर्षानुवर्षं येतात. अंगात मीठ जास्त गेलं की बीपी वाढतं, वाढलेलं बीपी किडनी झिजवतं, आणि झिजलेली किडनी बीपी आणखी वाढवते. हे मी डी. फार्म. करताना शिकलो होतो आणि दुकानात बसून रोज बघत होतो. ॲमलोडिपिन, टेलमिसार्टन, ॲटेनोलॉल यांची पाकिटं माझ्याकडे सर्दीच्या गोळ्यांपेक्षा लवकर संपतात. म्हणजे माझ्या गिऱ्हाइकांच्या किडन्या कशा आहेत हे मला ठाऊक नव्हतं, असं मी म्हणूच शकत नाही.

१६ जानेवारी २०२१ ला देशात लसीकरण सुरू झालं ते दवाखान्यातल्या कर्मचाऱ्यांपासून. १ मार्चला साठीपुढच्यांचा नंबर लागला, आणि ४५ ते ५९ मधल्या आजारी माणसांचाही, पण त्यांना डॉक्टरांचा दाखला लागायचा. नुसतं बीपी आहे एवढ्यावर तो मिळत नव्हता. बीपीसोबत जुनी शुगर, हृदयाचा आजार किंवा अर्धांगवायू असं काहीतरी यादीतलं लागायचं. १ एप्रिलला ४५ च्या वरच्या सगळ्यांना दार उघडलं, आणि तेव्हा माझं दुकान गावाच्या प्रश्नांचा अड्डा झालं. दवाखान्यात सिस्टरला विचारायला लोक बिचकायचे. मला विचारायला कोणी बिचकत नाही.

"भाऊ, बीपीची गोयी चालू हाय. सुई घेऊ का नोको?"

मी म्हणायचो, घ्या, काही होत नाही. हा माझा पहिला दोष, आणि तो मी चांगल्या हेतूनं केला. काही होत नाही असं म्हणण्याइतकं मला माहीतच नव्हतं. कोविशिल्ड घेतल्यावर कितीतरी जणांना त्या रात्री थंडी वाजून ताप येतो, दंड दुखतो, अंग ठणकतं, दोन दिवसांत उतरतं. बीपीचं म्हणाल तर लस टोचल्यावर ते काही जणांचं चढतं हे खरं आहे. लोझानच्या डॉक्टरांनी त्याच वर्षी अशा नऊ जणांची नोंद प्रसिद्ध केली. त्यांना दिलेली लस आपल्याकडची नव्हती, फायझर आणि मॉडर्नाची होती, पण टोचल्यावर काही मिनिटांत त्यांचं बीपी धोक्याच्या पातळीला गेलं. बहुतेकांना आधीपासून बीपी होतं, आणि सगळे सावरले. पुढे वेगवेगळे अभ्यास एकत्र करून पाहिलं गेलं तेव्हा बीपी वाढल्याचं शंभरात तीनेक जणांत आढळलं. त्यात सुईची धास्ती किती, रांगेतली तगमग किती आणि लसीचं स्वतःचं किती, हे वेगळं काढणं अवघड आहे. पण एवढं साधं सांगता आलं असतं: ताप येईल, बीपी थोडं चढू शकतं, तुमची रोजची गोळी चुकवू नका, अर्धा तास तिथंच बसा, आणि छातीत दुखलं, दम लागला किंवा डोकं फुटायला आलं तर लगेच सिस्टरला सांगा. मी सांगितलं, काही होत नाही. मग ज्याला ताप आला त्यानं दुसऱ्या दिवशी येऊन मला खोटं ठरवलं, आणि त्यानंतर माझ्या खऱ्या बोलण्यालाही वजन उरलं नाही.

दुसरा दोष माझ्या बीपीच्या मशीनचा, म्हणजे ते वापरणाऱ्या माझा. दुकानात मी दंडाला पट्टा बांधायचं मशीन ठेवलं होतं. लसीला जाणारी माणसं आधी माझ्याकडे येऊन मोजून घ्यायला लागली. एप्रिलचं ऊन, शेतातून किंवा दूरच्या वस्तीवरून पायी आलेलं माणूस, दम लागलेला, पोटात भीती. त्याला मी स्टुलावर बसवायचो, सदऱ्याच्या बाहीवरूनच पट्टा गुंडाळायचो, आणि मशीन फुगत असताना त्याच्याशी बोलत राहायचो. बीपी मोजायचं तर माणूस पाठ टेकून पाच मिनिटं शांत बसलेला हवा, पाय जमिनीला टेकलेले, हात काळजाच्या उंचीवर, दंड उघडा, तोंड बंद, लघवी तुंबलेली नको, आणि एकदा मोजून भागत नाही. यातलं एकही मी पाळलं नाही. आकडा आला १७० किंवा १८० की तो सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचायचो आणि म्हणायचो, आज राहू द्या, बीपी कमी झालं की जा.

असं सांगायचा मला काय अधिकार होता? जास्त बीपी हे लस नाकारायचं कारण सरकारी सूचनांत नव्हतंच. आधीच्या डोसाची किंवा लसीतल्या घटकाची जोरदार ॲलर्जी हे कारण होतं. अंगात कोविडची लक्षणं असतील तर पुढे ढकलायचं होतं. बीपीवाल्यांना तर ती जास्तच गरजेची होती, कारण कोविड झाला तर तीच माणसं गंभीर होत होती. आणि जे परत फिरले ते पुन्हा सहज येत नव्हते. कोविशिल्डच्या एका कुपीत दहा डोस असायचे, उघडली की चार तासांत संपवायची. दहा माणसं जमेपर्यंत सिस्टर वाट बघत बसायची, आणि इकडे मी तिच्या रांगेतली माणसं घरी पाठवत होतो. त्यांतल्या एका मावशींना मेमध्ये कोविड झाला. ऑक्सिजनवर राहून त्या वाचल्या, पण अजूनही दुकानाच्या दोन पायऱ्या चढल्या की थांबतात. तो डोस घेतला असता तर त्यांना कोविड झालाच नसता असं मी म्हणत नाही. त्यांना परत पाठवायला माझ्याकडे काहीही कारण नव्हतं, एवढंच मला माहीत आहे.

बीपीच्या गोळ्या थांबवण्याचं खूळ गावात कुठून आलं ते सांगता येत नाही. सुईच्या दिवशी दुसरं औषध पोटात नको, असं कोणीतरी सुरू केलं आणि ते पसरलं. मला विचारलं तर मी म्हणायचो, एका दिवसानं काही बिघडत नाही. ॲमलोडिपिनपुरतं ते बरंचसं खरं आहे, ती गोळी अंगात दिवसभराच्या वर टिकते. ॲटेनोलॉल मात्र अचानक सोडली तर बीपी आणि नाडी उसळतात. शिवाय माझ्या 'एका दिवसाचा' लोकांनी आठवडा केला, सुईचा असर अंगात आहे तोवर गोळी नको म्हणून. मग बीपी चढलं की बोट सुईकडे. त्याच एप्रिलमध्ये तमिळ अभिनेते विवेक यांनी १५ तारखेला लस घेतली आणि १७ तारखेला हृदयविकारानं ते गेले. आमच्याकडे त्यांचे सिनेमे कोणी पाहिले नव्हते, पण ती बातमी व्हॉट्सॲपवरून आली. लसीनंतरच्या घटना तपासणाऱ्या राष्ट्रीय समितीनं नंतर तपास करून सांगितलं की मृत्यू लसीमुळे नव्हता. ते सांगणं आमच्या गावापर्यंत पोचलंच नाही.

आता आबाजींबद्दल.

साठी ओलांडलेले, जुने बीपीवाले, कापूस-सोयाबीनचे शेतकरी. त्यांची गोळी माझ्याकडूनच जायची: टेलमिसार्टन ४० आणि त्यात लघवी वाढवणारी हायड्रोक्लोरोथायाझाइड. त्यांनी एप्रिलच्या शेवटी लस घेतली. रात्री त्यांचा मुलगा दुकानाच्या अर्ध्या शटरखालून वाकून म्हणाला, "भाऊ, बाबाले लय ताप आला. अंग फुटून रायलं. साध्या गोयीनं नाही भागत, काही जोरदार द्या."

मी ॲसिक्लोफेनॅक आणि पॅरासिटामॉल एकत्र असलेली गोळी काढून दिली. दिवसातून दोन, जेवणानंतर. चार-पाच दिवस चालवा म्हटलं. ॲसिक्लोफेनॅक शेड्यूल एचमधली, डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय द्यायची नाही. पण आमच्या भागात कंबर, गुडघा, दाढ, थकवा या सगळ्यावर ती अशीच जाते, आणि ती जाते म्हणून दुकान चालतं. लसीच्या तापाला नुसती पॅरासिटामॉल द्या, हे सगळीकडे सांगितलं जात होतं. दवाखान्यातून आबाजींना तीच मिळाली होती. मी तिच्यावर ही चढवली.

त्या गोळीनं काय झालं असावं, ते मला तेव्हाच समजायला हवं होतं. किडनीत रक्त गाळलं जायला तिथल्या बारीक जाळीत दाब टिकावा लागतो. अंगातलं पाणी कमी झालं की किडनी आत येणारी रक्तवाहिनी रुंद ठेवते आणि बाहेर जाणारी आवळते, म्हणजे दाब राहतो. टेलमिसार्टन बाहेर जाणारी सैल करते. आत येणारी रुंद ठेवायचं काम प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं करतात, आणि दुखण्यावरची गोळी नेमकी तीच बंद पाडते. लघवीची गोळी पाणी आधीच उपसत असते. विदर्भातला उन्हाळा, तापामुळे आलेला घाम, जेवण-पाण्यावरून उडालेली वासना आणि खाऱ्या पाण्यावर आयुष्य काढलेली किडनी, असं सगळं एका माणसाच्या अंगात एकत्र आलं. दुखण्यावरच्या याच गोळ्या मीठ आणि पाणी अंगात धरून ठेवतात आणि बीपीच्या औषधाचा जोर मोडतात, तेव्हा बीपीही चढतं. औषधशास्त्राच्या पुस्तकात हे तीन औषधांचं मिश्रण धोक्याचं म्हणून दिलेलं असतं. मी ते परीक्षेत लिहिलं होतं.

तापाची रात्र उलटली, पण मी सांगितल्याप्रमाणे मुलानं दुखण्याच्या गोळ्या चालू ठेवल्या. आठवड्याच्या आत आबाजींचा चेहरा सुजला, पाय सुजले, लघवी जवळजवळ बंद झाली, बीपी दोनशेच्या घरात. त्यांना अकोल्याला नेलं. मेच्या त्या दिवसांत अकोल्याला बेड मिळणं म्हणजे काय होतं ते तिथं गेलेल्यांनाच माहीत. किडनीच्या तपासणीतलं क्रिएटिनिन चारच्या वर गेलं होतं. डायलिसिसची वेळ आली नाही. गोळ्या थांबल्या, सलाइन आणि बाकीचे उपचार झाले, आकडा हळूहळू उतरला, पण पूर्वीच्या जागी आला नाही. ते घरी आले तोवर गावात वाक्य तयार होतं: सुईनं किडनी गेली.

मुलगा डिस्चार्जचं कार्ड घेऊन औषधं न्यायला आला. टेलमिसार्टन बंद करून दुसरं लिहिलं होतं, आणि खाली इंग्रजीत एक ओळ होती की दुखण्याच्या गोळ्या टाळाव्यात. मी ती वाचली. त्यानं विचारलं, काय लिहिलंय? मी म्हटलं, पथ्य सांगितलंय, आणि दुखण्याच्या गोळ्या देऊ नका असं आहे. का, ते त्यानं विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. त्याच्यामागे उभ्या असलेल्या एकानं म्हटलं, "सुईनंच केलं हे सारं." मी मान हलवली नाही, पण नाहीही म्हटलं नाही. औषधं पिशवीत घालत राहिलो.

मला कशाची भीती होती ते मी आता सरळ लिहितो. लायसन्सची. दुकान बंद पडण्याची. आणि गावात तोंड दाखवता येणार नाही याची. लस कोणाच्या घरची नव्हती. तिच्या बाजूनं भांडायला काउंटरवर कोणी येणार नव्हतं. दोष तिच्यावर राहिला तर माझं काही जात नव्हतं, म्हणून मी तो तिथं राहू दिला.

एक रस्ता मला तेव्हाही मोकळा होता. लसीनंतर काहीही गंभीर घडलं तर ते आरोग्य केंद्राला कळवायचं असतं. त्याचा तपास होतो आणि कारण ठरवलं जातं: लसीमुळेच झालं, लस देण्यातल्या चुकीमुळे झालं, भीतीनं झालं, की त्याच वेळी योगायोगानं दुसऱ्या कारणानं झालं. त्या तपासात माणूस कोणकोणती औषधं घेत होता हे विचारतात. आबाजींचं प्रकरण तसं गेलं असतं तर माझी गोळी पहिल्याच चौकशीत पुढे आली असती. घरच्यांना ही पद्धत माहीत नव्हती. मला माहीत होती. मी गावातल्या आशा कार्यकर्तीला, आशाताईला, काहीच सांगितलं नाही.

त्याचे परिणाम दिसायला वेळ लागला नाही. आबाजींच्या घरात दुसरा डोस कोणी घेतला नाही, आजूबाजूच्या घरांतल्या बीपीवाल्यांनी पहिलाही नाही. ऑक्टोबरात लसीकरणाची मिशन कवच कुंडल मोहीम झाली, नोव्हेंबरात हर घर दस्तक आली. सिस्टर आणि आशाताई दारोदार फिरत होत्या. त्या गल्लीतून त्यांना शिव्या खाऊन परतावं लागलं. जाताना त्या माझ्या दुकानात पाणी प्यायला थांबल्या. आशाताई म्हणाली, "भाऊ, तुमचं ऐकतात लोक. तुम्ही सांगून पाहा ना." मी म्हटलं, सांगतो. ज्या एका गोष्टीनं ती दारं उघडली असती ती सोडून बाकी सगळं मी त्यांना सांगितलं.

मधल्या काळात मी काही बदललं. चिठ्ठी असल्याशिवाय दुखण्याची जोरदार गोळी देणं बंद केलं. बीपीची गोळी चालू आहे का, पाय सुजतात का, लघवी नीट होते का, हे विचारल्याशिवाय काहीच देत नाही. बीपी मोजायला आलेल्याला आधी बसवून ठेवतो, दोनदा मोजतो आणि आकडा कागदावर लिहून फक्त त्याच्या हातात देतो. विक्री घटली, दुकान बंद पडलं नाही. पण हे सगळं पुढच्या गिऱ्हाइकांसाठी होतं. आबाजींच्या घराचं देणं तसंच होतं.

एप्रिल २०२४ च्या अखेरीस बातमी आली की ॲस्ट्राझेनेकानं इंग्लंडच्या न्यायालयात मान्य केलं: त्यांच्या लसीमुळे अगदी क्वचित रक्तात गुठळ्या होऊन प्लेटलेट कमी होऊ शकतात. कोविशिल्ड तीच लस, पुण्याच्या सीरमनं बनवलेली. हा धोका २०२१ मध्येच माहीत होता. आपल्याकडच्या समितीनं त्या मेमध्ये २६ संभाव्य प्रकरणं सांगितली होती, दहा लाख डोसांमागे एकाहून कमी, आणि तो धोका असतो पहिल्या काही आठवड्यांत. पण टीव्हीवर ती नवीन बातमी होती. डोस घेऊन तीन वर्षं झालेली माणसं माझ्याकडे ॲस्पिरिन मागायला आली. बीपी आटोक्यात नसताना स्वतःच्या मनानं ॲस्पिरिन घेणं म्हणजे डोक्यात रक्तस्रावाचा धोका ओढवून घेणं. मी कोणाला दिली नाही.

आबाजींचा मुलगा मोबाइल घेऊन आला. "पाहा भाऊ, कंपनीनंच कबूल केलं. माह्या बापाची किडनी अशीच गेली."

दुकानात दोघंतिघं होते. मी त्याला म्हटलं, नाही. तुझ्या बापाला गुठळी झाली नव्हती. त्यांची किडनी बिघडली ती मी दिलेल्या गोळीनं, मला तेव्हापासून माहीत आहे. कोणती गोळी, कशी, का, ते सगळं सांगितलं. कार्डावरची ओळही सांगितली.

तो मारेल असं वाटलं होतं. तो उभाच राहिला, मग म्हणाला, "पण जोरदार गोयी तं म्याच मांगली होती."

"मागणं तुझं काम होतं. नाही म्हणणं माझं होतं."

तो गेला. नंतर बरेच महिने त्यांची औषधं दुसऱ्या गावाहून येत. मी आरोग्य केंद्रात जाऊन डॉक्टरांना सगळं सांगितलं. त्यांनी मला रागावून घेतलं, आणि मग आशाताईसोबत त्या गल्लीत जाऊन हेच सांगायला लावलं. मी घरोघर गेलो. काहींनी ऐकलं, काहींनी दार लावलं, एकानं विचारलं की आता कशाला उकरता. त्याचं उत्तर सोपं होतं: कोविड ओसरला असला तरी बीपी आहे, किडन्या आहेत, दुखण्याच्या गोळ्या प्रत्येक किराणा दुकानात आहेत, आणि उद्या डॉक्टरांनी फ्लूची किंवा न्यूमोनियाची लस सांगितली तर ही माणसं तीही नाकारतील.

आबाजींच्या शेजारच्या घरात आजी एकट्या होत्या. त्यांच्या मालकांना बीपी होतं. त्यांनी एकही डोस घेतला नव्हता, आणि २०२२ च्या जानेवारीत, तिसऱ्या लाटेत, ते कोविडनं गेले. आजींनी सगळं ऐकून घेतलं.

"आमच्या घरी हे सुई घ्याले निघाले होते," त्या म्हणाल्या. "आबाजीचं पाहून म्याच नोको म्हटलं. घेतली असती तं वाचले असते का?"

आशाताईनं माझ्याकडे पाहिलं. काही सांगता येत नाही आजी, एवढं बोलून मला उठता आलं असतं, आणि ते अर्धं खरंही होतं. मी म्हटलं, "नक्की कोणी नाही सांगू शकत. पण वाचायची शक्यता बरीच जास्त होती."

"मंग हे तव्हाच सांगाचं होतं ना, बाप्पा," आजी म्हणाल्या.